बाबांची पंचाहत्तरी आणि खिडकीजवळचं टेबल: हाँगकाँगमध्ये कँटोनीज जेवायला जाताना

प्रश्न पुण्याहून आला आहे. थोडक्यात असा: "नोव्हेंबरात आई-बाबांना घेऊन चार दिवस हाँगकाँगला जातोय. बाबांची पंचाहत्तरी तिथे साजरी करायची आहे, एखाद्या उत्तम कँटोनीज रेस्तराँमध्ये, जिथून शहर दिसेल. बाबा पूर्ण शाकाहारी. आई मासे खाते, पण डुक्कर-गाय चालत नाही. मी सगळं खातो. जागा कुठली निवडू, रात्री जावं का, काय मागवू, खर्च किती, आणि बाबा उपाशी तर राहणार नाहीत ना?"

शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण खरी काळजी तीच दिसते. बाबा उपाशी राहणार नाहीत. मात्र त्यासाठी निदान दोन दिवस आधी फोन करायला हवा. टेबलावर बसल्यावर सांगून चालणार नाही.

मी मूळचा मालवणकडचा. हाँगकाँगमधल्या हॉटेलांच्या कँटोनीज (म्हणजे दक्षिण चीनच्या ग्वांगडोंग भागातल्या जेवणाच्या) डायनिंग रूममध्ये एकोणीस वर्षं काम केलं. आधी वेटर, मग कॅप्टन, शेवटची काही वर्षं मॅनेजर. त्या काळात भारतातून आलेली कितीतरी कुटुंबं मी टेबलावर बसवली. अडचण बहुतेक वेळा एकाच ठिकाणी यायची: आपला 'शाकाहारी' आणि तिथल्या स्वयंपाकघराचा 'भाजीचा पदार्थ' यांत फार अंतर आहे.

कॅप्टन म्हणून नवीन असताना माझ्या हातून एक चूक झाली. मुंबईचं एक कुटुंब होतं, सोबत ऐंशीच्या घरातल्या आजी. त्यांच्यासाठी मी पालकासारख्या पालेभाजीचा एक पदार्थ सुचवला. बशीत दिसायला पाला, लसूण आणि स्वच्छ पाणीदार रस, एवढंच. तो रस म्हणजे 'सेउंग तोंग', कोंबडी, डुकराचं मांस आणि चिनी हॅम तासन्‌तास उकळून गाळलेलं पाणी. इतकं गाळतात की मांसाचा कणही दिसत नाही. आजींनी अर्धी बशी संपवली तेव्हा माझ्या लक्षात आलं. मी जाऊन सांगितलं. त्या काही बोलल्या नाहीत, बशी बाजूला सारली आणि पुढे फक्त चहा घेतला. त्या दिवसानंतर मी भारतीय टेबलाची ऑर्डर स्वयंपाकघरात स्वतः जाऊन दिल्याशिवाय सोडली नाही.

म्हणून फोनवर 'व्हेजिटेरियन' एवढंच सांगून थांबू नका. 'सिक जाय' हे दोन शब्द वापरा. 'जाय' म्हणजे बौद्ध पद्धतीचं शाकाहारी जेवण. कँटोनीज लोकांत पुष्कळ जण चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या तिथीला 'जाय' खातात, आपल्याकडे एकादशी पाळावी तसं. त्यामुळे हा शब्द ऐकला की शेफच्या डोक्यात पूर्ण चित्र उभं राहतं: मांस नाही, मासा नाही, हाडांचं पाणी नाही, ऑयस्टर सॉस नाही, डुकराची चरबी नाही. कडक 'जाय'मध्ये कांदा-लसूणही नसतो. बाबा चातुर्मास पाळत असतील तर त्यांना याचं नवल वाटणार नाही. नोव्हेंबरपर्यंत चातुर्मास संपलेला किंवा संपत आलेला असेल, तेव्हा कांदा-लसूण चालत असेल तर तसं सांगा, चव वाढते. अंड्याचं मात्र वेगळं सांगा, कारण तिथे अंड्याकडे सगळे एकाच नजरेने बघत नाहीत.

मेन्यूवर निरुपद्रवी दिसणारे आणि हमखास फसवणारे पदार्थ सांगून ठेवतो. मुळ्याचा केक, म्हणजे 'लो बाक गो': नावात मुळा, आत सुकी कोळंबी आणि चिनी सॉसेज. एक्सओ सॉस: दिसायला आपल्या लसणाच्या चटणीसारखा, पण त्यात सुके शिंपले, कोळंबी आणि हॅम. खुसखुशीत पापुद्र्यांच्या गोड-तिखट पेस्ट्रीत आणि एग टार्टच्या कवचात बरेचदा डुकराची चरबी. ई-फू नूडल्समध्ये अंडं असतं. आईसाठी एक खास सूचना: 'हार गाउ', म्हणजे कोळंबीचं पारदर्शक डम्पलिंग, पारंपरिक पद्धतीने करताना सारणात डुकराच्या चरबीचे बारीक तुकडे घालतात. 'सिउ माइ'मध्ये कोळंबी दिसते वर, पण आतला ऐवज मुख्यतः डुकराचा. आईसाठी 'डुक्कर आणि डुकराची चरबी दोन्ही नको' असं वेगळं वाक्य फोनवर सांगा आणि ते बुकिंगच्या नोंदीत लिहिलं ना, हे विचारा.

मग बाबांनी खायचं काय? भरपूर. मश्रूम आणि भाज्यांची पारदर्शक डम्पलिंग्ज, सोयाबीनच्या दुधावरच्या सायीची गुंडाळी, कमळकाकडी आणि ताज्या लिली-कंदाच्या पाकळ्यांची परतलेली भाजी, काळे लाकडी मश्रूम, 'बांबू पिथ' नावाची जाळीदार बुरशी (नावात बांबू असला तरी ती बुरशीच), मऊ टोफू, आल्यासोबत परतलेली 'गाय लान' (ही एक चिनी पालेभाजी, गाईशी तिचा काही संबंध नाही). दोन दिवसांची सवड मिळाली की चांगला शेफ भाज्या आणि मश्रूम उकळून बाबांसाठी वेगळं सूप तयार करतो. ते सूप पिताना बाबांचा चेहरा बघा. मश्रूमच्या रसाला इतकी खोली असते हे आपल्याकडे फारसं कुणी चाखलेलं नसतं.

आता वेळ. रात्री जाऊ नका, दुपारी जा. माझं हे मत पक्कं आहे. पहिलं कारण, अशा उंची रेस्तराँमध्ये डिमसम, म्हणजे चहाबरोबर खायचे डम्पलिंगसारखे छोटे-छोटे पदार्थ, साधारणपणे फक्त दुपारीच मिळतं. रात्रीचा मेन्यू मोठ्या पदार्थांचा असतो आणि तिघांच्या टेबलाला तो अंगावर येतो. दुसरं, रात्री काचेत बाहेरचं शहर जितकं दिसतं तितकंच आतलं झुंबर आणि तुमचा स्वतःचा चेहरा दिसतो. दुपारी बंदरातली हालचाल दिसते: स्टार फेरीच्या हिरव्या-पांढऱ्या होड्या, मालवाहू बार्ज, मागे डोंगर. रात्रीची रोषणाई बघायचीच असेल तर त्याच संध्याकाळी त्सिम शा त्सुइच्या किनाऱ्यावर जा. तिथून समोर हाँगकाँग बेटाची इमारतींची रांग दिसते, रात्री 8 वाजता दिव्यांचा खेळ होतो आणि पैसे लागत नाहीत. नोव्हेंबरात पावणेसहाच्या सुमारास सूर्य मावळतो, हवा कोरडी आणि आकाश स्वच्छ असतं. महिना तुम्ही चांगला निवडलाय. मार्च-एप्रिलमध्ये धुक्यात उंच मजल्यावरून काहीच न दिसलेले पाहुणे मी पाहिलेत.

जागेबद्दल. व्हिक्टोरिया बंदराच्या दक्षिणेला हाँगकाँग बेट, उत्तरेला कौलून. बेटावर बसलात तर समोर कौलून दिसतं, कौलूनला बसलात तर बेट. प्रसिद्ध देखावा दुसरा. बेटावरच्या सेंट्रल भागात फोर सीझन्स हॉटेलच्या चौथ्या मजल्यावर लुंग किंग हीन आहे. रेस्तराँना तारे देणाऱ्या मिशेलिन गाइडच्या हाँगकाँग-मकाऊच्या पहिल्याच, म्हणजे 2009 च्या आवृत्तीत तीन तारे मिळवणारं हे जगातलं पहिलं चिनी रेस्तराँ. ती कीर्ती शेफ चान यान-ताक यांची. तिथे उंची नाही, पण बंदर समोर पसरलेलं असतं, आणि ज्येष्ठांना चौथा मजला सोयीचा वाटतो. जवळच मँडरिन ओरिएंटलच्या 25 व्या मजल्यावर मान वा आहे, तिथून सेंट्रलच्या इमारतींच्या मधून बंदर दिसतं. पलीकडे, कौलूनला, आयसीसी नावाच्या 484 मीटर उंच इमारतीत रिट्झ-कार्ल्टनच्या 102 व्या मजल्यावर तिन लुंग हीन आहे. 'तिन लुंग' म्हणजे आकाशातला ड्रॅगन. तिथे लिफ्टमध्ये कान दडपतात. बाबांना चक्कर किंवा उंचीचा त्रास असेल तर विचार करा. नसेल तर एकदा बघावं असंच ते ठिकाण आहे, फक्त इतक्या वरून होड्या काडेपेटीएवढ्या दिसतात.

तुमच्या जागी मी असतो तर आई-बाबांसाठी बंदराच्या पातळीजवळचं ठिकाण निवडलं असतं. माणूस जेवताना पाण्यावरची होडी ओळखू येईल इतक्या अंतरावर बसलेला बरा.

खिडकीचं टेबल कुणी लिहून देत नाही. 'विनंती नोंदवली' एवढंच सांगतात. पण आतली गोष्ट अशी: खिडकीलगत साधारणपणे दोघा-चौघांची टेबलं असतात, आठ-दहा जणांची गोल टेबलं मधोमध. तुम्ही तिघं, म्हणजे योग्य आकड्यात आहात. बुकिंग खुलं होताच करा, दुपारी 12 ची पहिली वेळ घ्या आणि वाढदिवस कितवा तेही सांगा. ज्येष्ठाच्या पंचाहत्तरीला तिथे आपल्याइतकंच मोल आहे. चिनी रिवाजात मानकरी दाराकडे तोंड करून बसतो. खिडकीच्या टेबलावर तो नियम बाजूला ठेवून बाबांना बंदर दिसेल असं बसवा. आज मान त्यांचा आहे एवढं कॅप्टनला कळलं की पहिली वाटी त्यांच्यापुढेच येईल.

बसल्या-बसल्या पहिला प्रश्न येईल: चहा कुठला? गोंधळून 'कुठलाही' म्हणू नका. डिमसमबरोबर 'बो लेइ' घ्या, गडद, मातकट वासाचा, तेलकटपणा कापणारा. तो आईला जड वाटला तर मोगऱ्याच्या वासाचा 'हेउंग पिन'. या चहाचे माणशी पैसे बिलात असतात. टेबलावर ठेवलेल्या अक्रोड-काजूच्या किंवा लोणच्याच्या लहान बश्यांचेही बहुतेक वेळा असतात. नको असतील तर हसून परत करा, कुणी राग धरत नाही. किटली रिकामी झाली की झाकण थोडं सरकवून ठेवा, गरम पाणी आपोआप येतं. चहा आधी वडिलधाऱ्यांना ओतायचा, स्वतःला शेवटी. तुम्हाला कुणी ओतला तर दोन बोटं टेबलावर हलकेच टेकवून आपटायची, हे धन्यवाद. आख्यायिका अशी की छियानलोंग बादशहा वेष बदलून फिरत असताना त्याने सेवकाला चहा ओतला. दंडवत घातला तर बिंग फुटेल म्हणून सेवकाने बोटांनीच गुडघे टेकले. बाबांना ही गोष्ट टेबलावर सांगा. मग जेवण संपेपर्यंत तेच बोटं आपटत बसतील, असं मी अनेक आजोबांच्या बाबतीत पाहिलंय.

चॉपस्टिक्सच्या दोन जोड्या दिसतील. एक वाढून घ्यायची, एक खायची. 2003 च्या सार्सच्या साथीनंतर ही पद्धत हाँगकाँगमध्ये चांगलीच रुजली. चॉपस्टिक भातात उभी खोचू नका, ते मृतांपुढे लावलेल्या उदबत्तीसारखं दिसतं. चमचा-काटा मागायला संकोच नको.

आता मला सगळ्यात जिव्हाळ्याचा विषय. आपल्याकडे चायनीज म्हणजे शेजवान सॉस, मंचुरियन, झणझणीत लाल नूडल्स. मंचुरियन 1975 मध्ये मुंबईत नेल्सन वाँग यांनी केलं असं मानलं जातं. तो पदार्थ आपलाच आहे आणि मला आवडतोही. पण ती चव मनात धरून कँटोनीज टेबलावर बसलात तर पहिल्या घासाला 'अळणी आहे' असं वाटेल. तसं म्हणू नका, थांबा. या स्वयंपाकाचा सगळा प्राण मूळ वस्तूच्या चवीत आहे. मालवणात ताजा फडफडीत मासा हाती लागला की आम्ही त्यावर वाटण थापत नाही. हळद, मीठ, दोन कोकमं, बस. मासा दोन दिवसांचा असेल तेव्हा मसाला वाढतो. कँटोनीज शेफ तसाच विचार करतो. म्हणूनच तिथे गेल्यावर मला पहिल्या महिन्यात घरी आल्यासारखं वाटलं.

हे आईच्या ताटात सगळ्यात स्पष्ट दिसेल. तिच्यासाठी अख्खा वाफवलेला मासा मागवा. टाकीतला जिवंत मासा, साधारण 600 ग्रॅमचा, तिघांत आणि त्यातही दोनच मासेखाऊ असताना पुरेसा. कॅप्टन मासा जाळीत घेऊन टेबलापाशी दाखवायला आणू शकतो. बाबांना ते बघवणार नसेल तर 'दाखवू नका' म्हणून आधीच सांगा. तो मासा आल्या-पातीसकट कडक वाफेवर आठ-दहा मिनिटं राहतो, वजनाप्रमाणे. मग वाफेचं पाणी ओतून टाकतात, कारण त्यात हिवस, म्हणजे माशाचा उग्र वास, असतो. वर नवी पात, त्यावर धूर निघेपर्यंत तापलेलं तेल, आणि बाजूने थोडा गोडसर सोया. नीट झालेल्या माशाचं मांस काट्यापाशी किंचित चिकटलेलं, मोत्याच्या रंगाचं असतं. सहज निखळून येणारा मासा आपल्याला बरोबर वाटतो, पण तिथल्या शेफच्या हिशेबी तो अर्धा मिनिट जास्त शिजलेला. आईला तेवढंच कच्चट वाटलं तर कॅप्टनला 'एक मिनिट जास्त' सांगून ठेवा, यात काही कमीपणा नाही.

माशाचं तोंड मानकऱ्याकडे ठेवतात. वरची बाजू संपली की मासा उलटायचा नाही, काटा उचलून खालचं खायचं. उलटलेला मासा म्हणजे उलटलेली होडी, ही कोळ्यांची समजूत. आमच्याकडे हे सांगितलं तर दर्यावरचा कुठलाही माणूस लगेच मान हलवेल.

भाव आधी विचारा, हे कळकळीने सांगतो. मेन्यूवर 'बाजारभाव' लिहिलेलं असतं आणि तोंडी सांगतात तो आकडा पुष्कळदा एका 'लेउंग'चा असतो. लेउंग म्हणजे जेमतेम 38 ग्रॅम. असे 16 लेउंग म्हणजे एक 'गान', साधारण 605 ग्रॅम. ऐकलेला आकडा सोळाने गुणा. तांबडा ठिपकेवाला 'दुंग सिंग बान' म्हणजे आपल्या हेकरूच्या (ग्रूपर माशाच्या) कुळातला, चवीला अप्रतिम आणि महाग. साधा, पाळलेला हेकरू मागितलात तर बिल बरंच खाली येतं आणि आईला फरक फारसा जाणवणार नाही. मोठ्या कपाळाचा 'सो मेइ' कुणी सुचवला तर नाही म्हणा. तो मासा समुद्रातून संपत चाललाय, 2005 पासून त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंधनं आहेत. शार्क फिन सूपही नको. पेनिन्सुला हॉटेलांनी ते 2012 च्या 1 जानेवारीपासून बंद केलं, तेव्हा त्याशिवाय उंची जेवण होत नाही हे कुणी सांगू नये. त्या सूपमधली सगळी चव मांस उकळून काढलेल्या पाण्याची असते, फिनला स्वतःची चव नाही.

डिमसम थोडं-थोडं मागवा. एका टोपलीत तीन किंवा चार नग असतात. हॉटेलांत अनेकदा माणशी मोजून देतात, विचारा. हार गाउ आला की बोलणं थांबवून लगेच खा. त्याचं आवरण गव्हाच्या आणि टॅपिओकाच्या स्टार्चचं असतं, गार झालं की चिवट होतं. चांगल्या हार गाउचं आवरण कागदाला न चिकटता, न फाटता उचललं जातं आणि आत कोळंबी दाताखाली कुरकुरते. तुमच्यासाठी 'छा सिउ' घ्या, मधाच्या आणि माल्ट साखरेच्या लेपाचं भाजलेलं डुकराचं मांस, कडा किंचित करपलेल्या. स्वयंपाकघरात भाजण्याचा विभाग, डिमसमचा विभाग, वाफेचा आणि कढईचा विभाग सगळे वेगळे असतात आणि प्रत्येकाचा शेफ वेगळा. म्हणून बाबांचे पदार्थ नेमके कुठल्या कढईत होतात हा प्रश्न रास्त आहे. 'बाबांसाठी धुतलेली वेगळी कढई' असं फोनवर स्पष्ट मागा. मी मॅनेजर असताना ही मागणी आली की मुख्य शेफ ती आनंदाने पुरी करायचा. आधी कळवलेलं असलं तरच.

तिघांची ऑर्डर अशी पुरेल: सहा-सात डिमसम (निम्मी बाबांची), बाबांचं सूप, एक मासा, दोन भाज्या, शेवटी एक मश्रूमचा भात. मुलगा म्हणून तुम्हाला जास्त मागवावंसं वाटेल. उरलेलं बांधून देतात, त्यात लाज नाही.

खर्च माझ्या अंदाजाने माशाशिवाय तिघांचा 2,000 ते 3,000 हाँगकाँग डॉलर, मासा वेगळा. डॉलर साधारण 11-12 रुपयांना धरा. वर 10 टक्के सर्व्हिस चार्ज. हाँगकाँगमध्ये विक्रीकर नाही, त्यामुळे आपल्यासारखा जीएसटीचा धक्का बसत नाही. पुरुषांना चप्पल आणि हाफपँट चालत नाही, बाकी साधा नीटनेटका पोशाख पुरतो. आई साडी नेसणार असेल तर उत्तमच. एसी फार असतो, शाल घ्या.

आणि केक मागवू नका. 'साउ बाओ' मागवा, पीचच्या फळाच्या आकाराचे, टोकाला गुलाबी छटा असलेले वाफवलेले बाओ, आत कमळबियांचं गोड सारण. ज्येष्ठांच्या वाढदिवसाला ते मुद्दाम करतात, पीच म्हणजे दीर्घायुष्य. त्याच फोनवर सांगा: सारणात चरबी नको, खारवलेलं अंडं नको, तीनच नग.

औक्षण करायचं असेल तर तेही आधीच विचारा. एका नागपूरच्या कुटुंबाला आजोबांना टेबलावर ओवाळायचं होतं. उघडी ज्योत चालत नव्हती म्हणून आम्ही त्यांना दहा मिनिटांसाठी बाजूची रिकामी खाजगी खोली दिली, काचेच्या ग्लासात लहान दिवा लावून. सुपारी आणि अक्षता आजींनी पर्समधून आणल्या होत्या. कुंकू विसरलं होतं. डिमसमच्या विभागातून साउ बाओला गुलाबी छटा देणारा रंग बोटभर मागून आणला आणि त्याचाच टिळा लावला.